सरकी कुणाकडे राहिली? वऱ्हाडचा कापूस आणि प्रोग्रामरांचा नवा मदतनीस

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधारे कोड लिहून देणारे मदतनीस प्रोग्रामरांच्या हाती येऊन आता काही वर्षे लोटली आहेत. 'गिटहब कोपायलट' जून २०२१ मध्ये मोजक्या लोकांसाठी आणि जून २०२२ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात 'चॅटजीपीटी' अवतरले आणि संगणकाशी ज्यांचा संबंध बेताचाच, त्यांच्याही तोंडी हा विषय आला. नव्याची नवलाई ओसरल्यावर जो प्रश्न विचारायचा असतो तो आता विचारला जात आहे. रोजच्या कामात प्रोग्रामरांना ही साधने अजूनही उपयोगी वाटतात काय? वाटत असल्यास कुठे, आणि त्याचे मोल कोण मोजते?

या प्रश्नाकडे आम्ही जरा आडवाटेने जाणार आहोत, आणि ती वाट हिवरखेडावरून जाते. वऱ्हाडात या नावाची गावे एकाहून अधिक आहेत. मोर्शी तालुक्यातले हिवरखेड संत्र्यांचे. आम्हांस अभिप्रेत आहे ते अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यातले, सातपुड्याच्या पायथ्याच्या काळ्या कपाशीच्या जमिनीतले. कापूस आणि कोड यांचा संबंध काय, असे वाचक विचारतील. संबंध इतकाच की माणसाच्या हातचे एक कंटाळवाणे, वेळखाऊ, पण अत्यावश्यक काम यंत्राने उचलले म्हणजे पुढे काय काय घडते, याचा पुरा अनुभव या टापूने एकदा घेतलेला आहे. तो अनुभव कागदोपत्री नोंदलेला आहे, आणि त्यातून मिळणारे उत्तर 'यंत्र चांगले' किंवा 'यंत्र वाईट' इतके सोपे नाही.

कापूस वेचून घरी आला की त्यातली सरकी वेगळी करावी लागते. वजनाने पाहिले तर ढोबळमानाने एक भाग रुई आणि दोन भाग सरकी. यंत्रे येण्यापूर्वी हे काम दोन रुळांच्या छोट्या चरखीवर होई. उलटसुलट फिरणाऱ्या दोन रुळांमध्ये कापूस धरायचा, रुई पलीकडे ओढली जाते आणि सरकी अलीकडे गळून पडते. काम संथ, हात दुखवणारे, आणि बव्हंशी घरातल्या बायकांच्या वाट्याचे. दिवसभर राबून निघणारी रुई मोजक्या शेरांत मोजावी अशी. मात्र या संथपणाचा एक परिणाम असा होई की सरकी घरातच राही. तिच्यातली काही ढोरांच्या पुढ्यात जाई आणि निवडक सरकी पुढच्या मृगासाठी बियाणे म्हणून बाजूला पडे. कोणत्या वावरातला कापूस चांगला फुटला, कोणत्या झाडाची बोंडे टपोरी होती, हे ज्यांनी वेचले आणि ज्यांनी चरखी फिरवली त्यांच्या ध्यानात असे. बियाण्याची निवड हे वेगळे काम नव्हतेच; सरकी काढता काढता ते होऊन जात असे.

अमेरिकेत एली व्हिटनीने करवतीच्या दात्यांचे जिन १७९३ साली रचले व त्याचे पेटंट १७९४ मध्ये घेतले. अमेरिकन कापसाचे नशीब त्याने पालटले. साहजिकच ईस्ट इंडिया कंपनीस वाटले की हेच यंत्र हिंदुस्थानात आणले म्हणजे झाले. १८४० साली अमेरिकन मळेवाल्यांची एक तुकडी यंत्रे व बियाणे यांसह हिंदुस्थानात आणवली गेली. धारवाडकडे न्यू ऑर्लिन्सचे अमेरिकन बियाणे रुजले व तेथे करवती जिन चालले, पण इतरत्र बहुतेक ठिकाणी हा प्रयोग फसला. आपल्याकडच्या देशी कापसाचा धागा आखूड आणि सरकीला घट्ट चिकटलेला. करवतीचे दाते त्याला ओढण्याऐवजी तोडीत. यंत्र तेच होते, त्याचा वेगही तोच होता. फरक होता तो कापसात. पुढे हिंदुस्थानात रुळले ते मॅकार्थीचे जिन. त्याचे पेटंटही १८४० चेच. चामड्याने मढवलेला रूळ आणि पाते अशी त्याची रचना. म्हणजे जुन्या चरखीचेच तत्त्व वाफेच्या जोडीने. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या कारखान्यांनी अशी जिने इकडे पाठवली.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीने कापसाचा भाव आभाळाला भिडवला. रेल्वे १८६७ मध्ये नागपुरास पोहोचली, खामगावला १८७० मध्ये आणि अमरावतीला १८७१ मध्ये फाटा मिळाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत बाजाराच्या गावोगावी जिन-प्रेसची धुराडी उभी राहिली. आता शेतकरी सरकीसकट कापूस गाडीत भरून बाजारात नेई व विकून मोकळा होई. चरखी माळ्यावर गेली. हे सांगताना आम्हांस हळहळ मुळीच वाटत नाही. बायकांचे हाडे मोडणारे काम सुटले, पैसा लवकर हाती आला. यंत्र उपयोगी होते काय, या प्रश्नाचे उत्तर वऱ्हाडाने कृतीने दिले, आणि चरखीकडे कोणी परतले नाही.

परंतु सरकी आता जिनात राहू लागली. तेथे वीस गावांचा कापूस एकाच ढिगात पडे. बणी हा वऱ्हाडचा जुना, लांब व तलम धाग्याचा कापूस. त्याच्या शेजारी आखूड, जाडाभरडा पण रुई अधिक देणारा वाण येऊन पडे. आणि पेरणीच्या दिवसांत शेतकरी त्याच मिसळलेल्या ढिगातून बियाणे विकत आणी. दहा-वीस हंगामांत वावरातला कापूस ओळखू येईनासा झाला. सारा दोष यंत्राच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. भरड वाणाला रुईचा उतारा जास्त, आणि व्यापारी तलम धाग्यासाठी पुरेसा जादा भाव देईनात. मग शेतकऱ्याने बणी का सांभाळावी? तथापि, एरवी ज्याला निवड करता आली असती त्याच्या हातून निवडीचे साधनच निसटले, ही गोष्ट यंत्रामुळे घडली. भाव फिरले तरी शुद्ध बियाणे परत आणायला घरात काही उरले नव्हते.

हे ध्यानात येऊन त्यावर उपाय व्हायला किती काळ गेला, तेही पाहण्यासारखे आहे. वजनमाप व दलाली यांतल्या गैरप्रकारांवर वऱ्हाडाने तुलनेने लवकर हात घातला. कारंज्याचा बाजार १८८६ मध्ये नियमांखाली आला, आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. हा या देशातला त्या जातीचा पहिला कायदा समजला जातो. पण बियाण्याची भेसळ ही चटकन न दिसणारी हानी होती. इंडियन कॉटन कमिटी १९१७ मध्ये नेमली गेली, मध्यवर्ती कापूस समिती १९२१ मध्ये आली, दुसऱ्या प्रदेशातला हलका कापूस चांगल्या कापसाच्या टापूत आणण्यावर बंदी घालण्याची सोय १९२३ च्या कायद्याने केली, आणि १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्याने प्रत्येक गाठीवर कारखान्याची खूण व क्रमांक घालणे सक्तीचे केले. गाठ कुठेही फुटली तरी ती कोणी बांधली हे कळावे, एवढाच त्या खुणेचा हेतू. पहिले धुराडे आणि ही खूण यांच्यामध्ये अर्ध्या शतकाच्या आसपासचे अंतर आहे.

आता प्रोग्रामरांकडे वळू. यंत्राने कोड लिहिणे ही २०२१ सालची नवलाई नव्हे, हे आधी सांगितले पाहिजे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला 'टिफ्रॅक' संगणक १९६० मध्ये कामाला लागला, तेव्हा यंत्राला समजणाऱ्या आकड्यांच्या भाषेतच त्याला आज्ञा द्याव्या लागत. दरम्यान १९५७ मध्ये आयबीएमने 'फोरट्रान' आणली होती. माणसाने सूत्रासारखे काही लिहावे आणि यंत्राची भाषा कंपायलरने तयार करावी, ही कल्पना त्या वेळच्या अनेक मुरलेल्या प्रोग्रामरांना रुचली नव्हती. हाताने लिहिलेल्या कोडाची सर यंत्राच्या कोडाला येणार नाही, असे त्यांचे मत. १९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हा संगणक आला आणि फोरट्रान आपल्याकडेही रुळली. १९६८ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सत्तरच्या दशकात परदेशी ग्राहकाचे जे पहिले मोठे काम केले, त्यात बरोजच्या एका संगणकासाठी लिहिलेले कोबोल दुसऱ्या प्रकारच्या संगणकासाठी बदलायचे होते. ते रूपांतर करण्यासाठी एक आज्ञावलीच लिहिली गेली. १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या टाटांच्या संशोधन केंद्राने तर आराखड्यावरून कोड निर्माण करणारी साधने बनवली. वऱ्हाडाचेही या इतिहासात नाव आहे. १९८८ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या 'सी-डॅक'चे आणि १९९१ च्या 'परम ८०००' महासंगणकाचे सूत्रधार विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे.

मग आजचा मदतनीस वेगळा कशात? आमच्या मते फरक असा. कंपायलरला तीच ओळ शंभरदा दिली तर तो शंभरदा तेच करील, आणि ते का केले याचे नियम पुस्तकात छापलेले आहेत. माणसाने लिहिलेले मूळ त्याच्याकडेच राहते. नवा मदतनीस जगभरच्या असंख्य लोकांनी लिहिलेल्या कोडाच्या ढिगावर पोसलेला आहे. पुढची ओळ बहुधा काय असेल याचा तो अदमास बांधतो. अदमास पुष्कळदा चोख असतो. पण तो कोणत्या वावरातून आला हे विचारण्याची सोय नाही. कंपायलर ही सुधारलेली चरखी होती. हा मात्र वीस गावांचे जिन आहे.

उपयोगाचे पुरावे पाहू. गिटहबने २०२२ मध्ये ९५ प्रोग्रामरांवर एक प्रयोग केला. सर्वांना एकच काम दिले: जावास्क्रिप्टमध्ये एक साधा सर्व्हर लिहिणे. मदतनिसासह काम करणाऱ्यांना सरासरी १ तास ११ मिनिटे लागली, मदतनिसाविना २ तास ४१ मिनिटे. याउलट 'मीटर' या संशोधन संस्थेने २०२५ मध्ये केलेला प्रयोग. त्यात १६ अनुभवी प्रोग्रामर होते, कामे २४६, आणि ती सारी त्यांच्याच जुन्या, अवाढव्य प्रकल्पांतली. सरासरी पाच वर्षे ते त्या प्रकल्पांवर राबत होते. मदतनिसाची मुभा असता त्यांना १९ टक्के अधिक वेळ लागला. आपण २४ टक्के वेगाने काम करू असे त्यांना आधी वाटत होते, आणि काम आटोपल्यावरही आपला वेळ २० टक्के वाचला असेच त्यांचे मत होते. त्या प्रयोगातली साधने २०२५ च्या आरंभीची होती आणि साधने झपाट्याने बदलतात, तेव्हा १९ हा आकडा दगडावरची रेघ मानू नये. पण वेळ वाचल्याचा भास आणि घड्याळ यांच्यातली फारकत लक्षात ठेवण्याजोगी आहे.

हे दोन प्रयोग परस्परविरोधी आहेत असे म्हटले जाते. आम्हांस ते तसे वाटत नाहीत. पहिल्यात कापूस अमेरिकन होता: नवे, सुटे, शेकडो वेळा कोणी ना कोणी लिहून ठेवलेले काम. दुसऱ्यात तो देशी होता: जुना, गुंतलेला, ज्याचे नियम बहुतांशी माणसांच्या डोक्यात आहेत. १८४० च्या मळेवाल्यांना जे धारवाडात दिसले आणि इतरत्र दिसले नाही, तेच हे. रोजच्या कामात प्रोग्रामर काय सांगतात? अनोळखी भाषेतला कोड समजून घेणे, चाचण्यांचा साचा उभा करणे, चूक दाखवणाऱ्या संदेशाचा अर्थ लावणे, तेच ते लिहिणे टाळणे, यांसाठी मदतनीस हवासा वाटतो. 'स्टॅक ओव्हरफ्लो'च्या २०२५ च्या पाहणीत ८४ टक्के लोक ही साधने वापरत होते वा वापरण्याच्या विचारात होते. आदल्या वर्षी हे प्रमाण ७६ टक्के होते. पण साधनांच्या उत्तरांवर भरवसा ठेवणारे ३३ टक्के आणि न ठेवणारे ४६ टक्के. ६६ टक्क्यांची तक्रार एकच: उत्तर जवळजवळ बरोबर असते, पूर्ण बरोबर नसते. वापर वाढतो आणि विश्वास घटतो, याचे अनेकांस नवल वाटले. जिनाच्या दारी रांग लावणारा शेतकरीही जिनवाल्याच्या सरकीवर फार विश्वास टाकीत नसावा.

'जवळजवळ बरोबर' म्हणजे काय, हे आपल्याकडच्या उदाहरणाने सांगतो. हिवरखेडच्या शेतकऱ्याचा सातबारा हेक्टर आणि आर या मापांत असतो. तो स्वतः बोलतो एकर आणि गुंठ्यांत. एकराचे गुंठे ४०. कोणी 'दोन एकर दहा गुंठे' हे '२.१०' असे लिहिले आणि आज्ञावलीने तो दशांश समजला, तर कागदावर दोन एकर चारच गुंठे उरतात; खरे क्षेत्र २.२५ एकर आहे. सहा गुंठे वावर एका टिंबात गेले. गुंठा म्हणजेच आर असे धरले तर चूक साधारण एका टक्क्याची, म्हणून ती कुणाच्या नजरेस येत नाही आणि अधिक काळ टिकते. नावांचेही तसेच. 'लक्ष्मण' या नावात आपण तीन अक्षरे मोजतो. युनिकोडच्या हिशेबी त्यात सात खुणा आहेत, आणि पाचव्या खुणेवर नाव तोडले तर हाती 'लक्ष्' असा लंगडा तुकडा येतो. असे कोड दिसायला नीटनेटके असते, चालतेही, आणि ज्या ढिगातून ते आले त्यात इंग्रजी नावे व दशांश मापे यांचाच भरणा असतो. गुंठे ठाऊक असलेला प्रोग्रामर ते वाचील तर चूक पकडील. न वाचील तर ती तहसिलीत, बँकेत, पीकविम्याच्या अर्जात उमटेल, आणि हेलपाटे घालील तो ज्याने संगणकाला हातही लावलेला नाही.

येथे खरा प्रश्न येतो. गुंठे ओळखणारा तो प्रोग्रामर घडतो कसा? वऱ्हाडातली मुले-मुली शेगाव, अमरावती, अकोल्याच्या महाविद्यालयांतून अभियंते होतात आणि नोकरीसाठी पुणे गाठतात. तेथे पहिली दोन-तीन वर्षे त्यांना जे काम मिळे ते चरखीचेच: लहानसहान दुरुस्त्या, चाचण्या, दुसऱ्याचा जुना कोड वाचून त्यातली चूक हुडकणे. काम कंटाळवाणे खरे, पण ते करता करता बियाण्याची पारख येई. नेमके हेच काम आता मदतनीस सर्वांत चांगले करतो. स्टॅनफर्डच्या ब्रायनयॉल्फसन, चंदर व चेन यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतल्या पगारनोंदींवरून दाखवले की कृत्रिम बुद्धिमत्तेची झळ ज्यांना अधिक अशा व्यवसायांत २२ ते २५ वर्षांच्या तरुणांच्या नोकऱ्या तुलनेने १३ टक्क्यांनी घटल्या, अनुभवी लोकांच्या मात्र टिकल्या वा वाढल्या. हा अमेरिकेचा आकडा आहे, पुण्यावर तो जसाच्या तसा लावता येणार नाही. पण त्याची दिशा ओळखीची आहे. आज मदतनिसाचा सर्वांत जास्त लाभ ज्यांना होतो ते अनुभवी लोक चरखीवरच शिकलेले आहेत. त्यांच्यामागून येणाऱ्यांना कोणत्या कामावर शिकवणार, हे कोणी ठरवलेले नाही. भरीस भर म्हणजे, २००८ पासून माणसांनी एकमेकांना उत्तरे देत ज्या 'स्टॅक ओव्हरफ्लो'वर ज्ञानाचा साठा केला, तेथे नवे प्रश्न विचारणेच झपाट्याने कमी झाले आहे. पुढच्या मदतनिसाला पोसणारा ढीग मग कोणत्या कापसाचा असेल?

यावर चरखी माळ्यावरून काढावी, असे आम्ही सुचवीत नाही. कोणी ऐकणारही नाही. वऱ्हाडाच्या इतिहासातून घेण्यासारख्या गोष्टी दोन, आणि दोन्ही साध्या. पहिली गाठीवरच्या खुणेची. कोणता कोड यंत्राने सुचवला आणि कोणत्या माणसाने वाचून तो पत्करला, याची नोंद कामाच्या ठिकाणी राहावी. सातबारा, रेशन, विमा अशा लोकांच्या पोटाशी भिडणाऱ्या कामांत तर ती सक्तीची असावी. दुसरी गोष्ट बियाण्याच्या वावराची. सबंध शेत बाजारी बियाण्यावर गेले तरी शहाणा शेतकरी एखादा तुकडा आपल्या निवडीच्या बियाण्यासाठी राखी. नवशिक्यांच्या कामाचा असा काही हिस्सा राखून ठेवावा लागेल, ज्यात ते मदतनिसाविना लिहितील, चुकतील आणि ज्येष्ठांपुढे बसून त्या चुका समजून घेतील. कंपनीच्या तिमाही हिशेबात हा वेळ खर्च म्हणूनच दिसेल. बणी राखण्याचा खर्चही तसाच दिसत होता, आणि तो कोणी उचलला नाही.

तेव्हा प्रोग्रामरांना ही साधने अजूनही उपयोगी वाटतात काय? वाटतात, आणि पुष्कळ कामांत ती उपयोगी आहेतही. जिनही उपयोगी होते. पण वऱ्हाडाने रुई किती वेगाने निघते हेच पन्नास वर्षे मोजले, आणि सरकी कुणाकडे राहिली हे विचारायला उशीर केला. या खेपेस तो प्रश्न पाच-सहा वर्षांतच विचारणे शक्य आहे, कारण हाताने लिहायला शिकलेली माणसे अजून कामावर आहेत.